खेळाचा प्राण

बुद्धिबळाच्या डब्यातील एखादे प्यादे कधीतरी हरवते. मोठ्या माणसांना वाटते, आता हा संच निकामी झाला. मुलांना मात्र तसे वाटत नाही. ती कोठून तरी एक चिंचोका शोधून आणतात, तो रिकाम्या घरात ठेवतात आणि डाव मांडतात. चार चाली होतात न होतात तोच चिंचोका हा चिंचोका राहत नाही. तो प्यादे होतो. तो एकेक घर पुढे सरकतो, तिरका मारतो, आणि वेळ आली तर पटाच्या पलीकडच्या टोकाला पोहोचून वजीरही होतो. त्याच्यामुळे जिंकणाऱ्याचा आनंद तसूभर कमी होत नाही आणि हरणाऱ्याची हळहळही कमी होत नाही.

या साध्या गोष्टीत एक मोठे तत्त्व दडलेले आहे. खेळ डोळ्यांना दिसतो, परंतु तो डोळ्यांत राहत नाही. तो नियमांत राहतो. 'आता मी काय करावे?' हा जो प्रश्न खेळणाऱ्याच्या मनात क्षणोक्षणी उभा राहतो, त्यात खेळाचा खरा प्राण असतो. संगमरवरी पटावर हा प्रश्न जितका अवघड असतो, तितकाच तो पुठ्ठ्याच्या पटावरही असतो.

बुद्धिबळाविषयी हे कोणीही चटकन मान्य करील. परंतु आज घरोघर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमविषयी विचार करताना हेच तत्त्व अनेकांना विसरावयास होते. शाळेच्या मधल्या सुटीत मुलांचे बोलणे ऐकावे. नव्या खेळाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न असतो, 'त्याचे ग्राफिक्स कसे आहे?' ग्राफिक्स म्हणजे पडद्यावर उमटणारी खेळाची चित्रे. चित्रे हुबेहूब असली की खेळ चांगला, आणि ओबडधोबड असली की खेळ टाकाऊ, असा निवाडा मुले झटकन देऊन टाकतात. हा निवाडा कितपत बरोबर आहे, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

या चित्रांनी गेल्या अर्धशतकात जी मजल मारली, ती कौतुकास्पद आहे यात शंका नाही. १९७२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने 'पाँग' नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात काय होते? काळ्या पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि एक चौकोनी ठिपका. रेघा म्हणजे टेबल टेनिसच्या फळ्या आणि ठिपका म्हणजे चेंडू! आजच्या खेळांत गवताचे प्रत्येक पाते वाऱ्याबरोबर डोलते, पावसाने भिजलेल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबे थरथरतात आणि माणसांच्या चेहऱ्यावरील सुरकुतीही स्पष्ट दिसते. असंख्य चित्रकारांनी, गणितज्ञांनी आणि अभियंत्यांनी केलेल्या परिश्रमांचे हे फळ आहे. त्याला नाके मुरडणे हा कृतघ्नपणा होईल.

तेव्हा वाद चित्रे असावीत की नसावीत हा नाही. वाद अग्रक्रमाचा आहे. पैसा, वेळ आणि बुद्धी ही तिन्ही माणसाजवळ मोजकीच असतात. ती आधी कोठे खर्च करावयाची? चित्र अधिकाधिक हुबेहूब करण्यावर, की खेळ अधिकाधिक खेळण्याजोगा करण्यावर? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रत्यक्ष घडलेल्या काही गोष्टींकडे वळले पाहिजे.

पहिली गोष्ट मॉस्को शहरातील आहे. १९८४ साली तेथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाझित्नोव्ह नावाचे एक संशोधक काम करीत होते. त्यांना कोड्यांचा नाद होता. पाच चौकोन जोडून केलेल्या निरनिराळ्या आकृत्या एका चौकटीत नीट बसविण्याचे एक जुने कोडे आहे. ते त्यांचे विशेष आवडते होते. हे कोडे संगणकावर आणावे असे त्यांच्या मनात आले. पाच चौकोनांच्या आकृत्या बारा होतात. खेळाच्या धांदलीत इतक्या आकृत्या ध्यानात ठेवणे अवघड. म्हणून त्यांनी चारच चौकोन घेतले. चार चौकोन कडेला कड लावून जोडले, तर सात निरनिराळ्या आकृत्या तयार होतात. आरशातील प्रतिबिंबासारख्या दिसणाऱ्या आकृत्या मात्र वेगळ्या मोजावयास हव्यात. ज्याला शंका असेल त्याने चौकटीच्या वहीत त्या काढून पाहाव्यात.

या सात आकृत्या पडद्याच्या वरच्या बाजूने एकामागून एक खाली येतात. खेळणाऱ्याने त्या फिरवावयाच्या, डावी-उजवीकडे सरकवावयाच्या आणि तळाशी अशा बसवावयाच्या की मध्ये फट राहू नये. पहिल्या प्रयत्नात पडदा पाहता पाहता भरून जाई आणि खेळ संपे. तेव्हा पाझित्नोव्ह यांना एक युक्ती सुचली. जी आडवी ओळ पूर्ण भरेल ती नाहीशी व्हावी! या एका नियमाने त्या कोड्यात जीव आला. हाच तो जगप्रसिद्ध 'टेट्रिस' खेळ.

आता या खेळाची चित्रे कशी होती ते पाहावे. पाझित्नोव्ह ज्या 'इलेक्ट्रोनिका ६०' नावाच्या संगणकावर काम करीत, त्याच्या पडद्यावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. तेथे केवळ अक्षरे व चिन्हे उमटत. म्हणून त्यांनी कंसाची दोन चिन्हे जवळजवळ ठेवून एक चौकोन केला. अशा कंसांच्या जोड्या वरून खाली पडत. रंग नाही, छाया नाही, कथा नाही, नायक नाही. तरीही केंद्रातील सहकारी तो खेळ खेळावयास बसले की उठावयाचे नाव घेत नसत. पुढे दिमित्री पावलोव्स्की हे सहकारी आणि वादिम गेरासिमोव्ह हा अवघ्या सोळा वर्षांचा विद्यार्थी यांच्या मदतीने हा खेळ दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर आणला गेला. तेथे त्याला रंग मिळाले. तो अधिक देखणा झाला. परंतु त्याचा नियम तोच राहिला, आणि लोकांना वेड लावले ते त्या नियमाने.

असे का झाले असावे? कारण उघड आहे. प्रत्येक आकृती खाली येताना खेळणाऱ्याला एक निर्णय घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयाचे फळ त्यालाच भोगावे लागते. घाईने ठेवलेली एक आकृती पुढच्या दहा आकृत्यांची वाट अडवते. उलट, धीराने राखून ठेवलेली एक रिकामी जागा वेळेवर उपयोगी पडते. आकृत्या जसजशा वेगाने येऊ लागतात, तसतशी खेळणाऱ्याची दृष्टीही तयार होत जाते. काल जे जमत नव्हते ते आज जमते. स्वतःच्या अंगी आलेले हे नवे सामर्थ्य पाहून जो आनंद होतो, तो कोणतेही चित्र विकत आणून देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट जपानमधील आहे. १९८९ साली निन्टेन्डो कंपनीने 'गेम बॉय' नावाचे हातात मावणारे खेळयंत्र विक्रीस आणले. ते गुनपेई योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले होते. योकोई यांचे एक सूत्र होते. ज्या तंत्राची नवलाई ओसरली आहे, पण जे स्वस्त झाले आहे आणि ज्याचे गुणदोष पुरते कळले आहेत, असे तंत्र घ्यावे आणि त्याचा कोणालाही न सुचलेला उपयोग करावा. त्याप्रमाणे त्यांनी 'गेम बॉय'ला रंगीत पडदा दिला नाही. त्याच्या हिरवट पडद्यावर फिक्यापासून गडदापर्यंत फक्त चार छटा उमटत.

त्याच वर्षी अटारी कंपनीचे 'लिंक्स' नावाचे यंत्र बाजारात आले. त्याचा पडदा रंगीत होता, आतून उजळलेला होता, आणि त्याची चित्रेही कितीतरी सरस होती. दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी ठेवली असती, तर पाहणाऱ्याने 'लिंक्स'लाच पसंती दिली असती. परंतु अमेरिकेत 'गेम बॉय' सुमारे ९० डॉलरला मिळे, तर 'लिंक्स' सुमारे १८० डॉलरला. 'लिंक्स'ला सहा सेल लागत आणि ते चारपाच तासांत संपत. 'गेम बॉय'ला चार सेल लागत आणि ते दहा तासांहून अधिक चालत. शिवाय अमेरिकेत 'गेम बॉय'बरोबर 'टेट्रिस'ही मिळत असे. परिणाम असा झाला, की 'गेम बॉय' आणि त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून जगभर ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे खपली. 'लिंक्स' मात्र फार काळ तग धरू शकले नाही.

या यशाचे सारे श्रेय खेळाच्या रचनेला देणे न्यायाचे होणार नाही. स्वस्ताई, टिकाऊपणा आणि सेलची काटकसर यांचाही त्यात वाटा होता. तथापि एवढे निश्चित, की कोट्यवधी मुलांनी चार छटांचा पडदा स्वीकारला आणि त्यावर तासन्‌तास आनंदाने घालविले. प्रवासात, आजारपणात, पावसाने कोंडलेल्या दुपारी त्यांना सोबत हवी होती ती खेळाची. ती सोबत त्या फिकट पडद्याने पुरेपूर दिली.

तिसरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. १९८३ साली अमेरिकेत 'ड्रॅगन्स लेअर' नावाचा खेळ आला. त्या काळच्या इतर खेळांत ठिपक्यांच्या बाहुल्या नाचत असताना या खेळात संपूर्ण व्यंगचित्रपटच पडद्यावर चाले. डिझ्नीच्या संस्थेत काम केलेले डॉन ब्लूथ यांनी त्याची चित्रे तयार केली होती. चित्रे लेसर डिस्कवर साठवलेली असत. डर्क नावाचा शूर पण धांदरट योद्धा एका भयाण किल्ल्यात शिरतो आणि ड्रॅगनच्या तावडीतून राजकन्येला सोडवतो, अशी त्याची कथा. इतर खेळ २५ सेंटला खेळावयास मिळत असता या खेळाला ५० सेंट पडत. तरीही त्या यंत्राभोवती गर्दी लोटे. जे खेळत नसत तेही टाचा उंचावून पाहत उभे राहत.

परंतु या खेळात खेळणाऱ्याने करावयाचे काय? चित्रपट चालू असता ठराविक क्षणी दांडा ठराविक दिशेला वळवावयाचा किंवा तलवारीची कळ दाबावयाची. बरोबर केले तर पुढचे दृश्य दिसे. चुकले तर योद्धा मरून पडे. योद्ध्याला मनाप्रमाणे चालविता येत नसे, किल्ल्यात इकडेतिकडे फिरता येत नसे, नवा मार्ग काढता येत नसे. कोणत्या क्षणी कोणती दिशा, एवढे पाठ झाले की खेळात उलगडण्यासारखे फारसे काही उरत नसे. लेसर डिस्कवरील अशा खेळांची लाट मोठ्या गाजावाजाने आली आणि थोड्याच वर्षांत ओसरली. 'ड्रॅगन्स लेअर'ची चित्रे आजही सुंदर वाटतात. पण ती पाहावयाची चित्रे आहेत. खेळणारा तेथे बहुतांशी प्रेक्षकच राहतो.

येथे कोणी विचारील, 'मग सुंदर चित्रांचा खेळाला काहीच उपयोग नाही काय?' हा आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पुन्हा बुद्धिबळाच्या डब्यातच सापडते. प्याद्याच्या जागी चिंचोका चालतो. परंतु घोडा, उंट आणि हत्ती हे तिन्ही हरवले आणि तिघांच्या जागी तीन चिंचोके ठेवले तर? मग कोणता घोडा आणि कोणता हत्ती हेच ध्यानात राहणार नाही आणि डावाचा गोंधळ होईल. म्हणजे मोहऱ्याच्या रूपालाही काही काम आहे. तो मोहरा कोण आणि तो काय करू शकतो, हे त्या रूपाने चटकन सांगितले पाहिजे.

हे काम उत्तम रीतीने कसे करता येते याचा एक नमुना सर्वांच्या ओळखीचा आहे. निन्टेन्डोचे कलावंत शिगेरू मियामोतो यांनी १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळासाठी एक इवलासा नायक काढला. तोच पुढे मारिओ या नावाने जगाला ठाऊक झाला. त्याला काढण्यासाठी मोजकेच ठिपके हाताशी होते. तेवढ्यात तोंड नीट दिसेना, म्हणून मोठे नाक आणि खाली मिशा दिल्या. केस काढणे अवघड, म्हणून डोक्यावर टोपी ठेवली. चित्र हुबेहूब नव्हते, पण ओळखीचे होते. आपला नायक कोठे आहे हे खेळणाऱ्याला क्षणात कळे. चित्राने खेळाची सेवा केली ती अशी.

सुंदर आणि बारकाईने रंगविलेली चित्रेही अशी सेवा करू शकतात. १९९३ साली रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी 'मिस्ट' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. एका निर्जन बेटावर खेळणारा येतो. तेथे कोणी शत्रू नाही, घाई नाही. आहेत ती विचित्र यंत्रे, पुस्तके, खुणा आणि बंद दारे. दृश्ये त्या काळाच्या मानाने अतिशय मनोहर होती. परंतु ती नुसती मिरविण्यासाठी नव्हती. बारकाईने पाहिल्याशिवाय एकही कोडे सुटत नसे. येथे पाहणे हेच खेळणे होते. तसेच १९९६ सालच्या 'सुपर मारिओ ६४' या खेळाने पडद्याला खोली दिली, तेव्हा धावणे, उडी मारणे, वळसा घालणे या क्रियांनाच नवा अर्थ आला. चित्रांच्या प्रगतीने खेळणाऱ्याला नवे काही करावयास मिळाले, तर ती प्रगती खेळाचीही प्रगती ठरते. ती जेव्हा केवळ अधिक पाहावयास देते आणि करावयास तेवढेच ठेवते, तेव्हा मात्र तिचा तोरा फुकाचा असतो.

मुलांच्या परिचयाचा 'माइनक्राफ्ट' हा खेळ या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. तो २०११ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. त्या काळी अन्य खेळांत झाडाची पाने निरनिराळी दिसत असता याचे झाड, डोंगर, गाय, सूर्य, सारे काही चौकोनी ठोकळ्यांचे होते. पण तो ठोकळा पाहताच त्याचा उपयोग कळतो. तो फोडता येतो, उचलता येतो, दुसरीकडे बसविता येतो. त्यातून कोणी झोपडी बांधतो, कोणी पूल बांधतो, कोणी अख्खे नगर उभारतो. २०२३ सालापर्यंत या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. लोकांनी विकत घेतले ते ठोकळ्यांचे सौंदर्य नव्हे. त्यांनी घेतले ते काहीतरी घडविण्याचे स्वातंत्र्य.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे, खर्चाकडे, पाहिले पाहिजे. हुबेहूब चित्रे फुकट मिळत नाहीत. अमेरिकेतील एका न्यायालयात २०२३ साली पुढे आलेल्या कागदपत्रांवरून असे उघड झाले, की २०२२ सालचा 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' हा खेळ तयार करण्यास सुमारे २१ कोटी डॉलर खर्च आला होता. त्या खेळाचे निर्मिक कसबी आहेत, आणि त्यांच्या कामाला बोल लावण्याचे कारण नाही. परंतु एवढी रक्कम पणाला लागली, की कोणाचीही छाती धडधडू लागते. मग नवे काही करून पाहण्याचे धाडस कमी होते. काल जे खपले तेच आज अधिक चकचकीत करून विकावे, असा मोह होतो. खेळाची चित्रे पुढे जातात आणि खेळ मात्र तेथल्या तेथे पाय आपटीत राहतो.

याउलट 'स्टारड्यू व्हॅली' या खेळाचे उदाहरण आहे. एरिक बॅरोन या एकट्या अमेरिकन तरुणाने सुमारे साडेचार वर्षे खपून तो तयार केला. त्याची चित्रे त्यानेच काढली, संगीत त्यानेच रचले आणि संगणकाची आज्ञावलीही त्यानेच लिहिली. खेळ आहे पडीक शेताचा. तण काढावयाचे, बी पेरावयाचे, पाणी घालावयाचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी स्नेह जोडावयाचा. चित्रे जुन्या धर्तीची, ठिपक्याठिपक्यांची. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला आणि २०२४ साल संपेपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. एका माणसाने शेकडो चित्रकारांशी स्पर्धा केली नाही. ती त्याला जमलीही नसती. त्याने खेळणाऱ्याला रोज सकाळी उठून करावेसे वाटेल असे काम दिले, आणि तेवढे पुरले.

खर्चाचा हा प्रश्न केवळ निर्मात्यांचा नाही. तो घराघरांचा आहे. चित्रे अधिक भारी झाली की ती दाखविण्यासाठी यंत्रही अधिक भारी लागते. मग ज्याच्या घरी जुना फोन किंवा जुना संगणक आहे तो मुलगा वर्गात गप्प बसतो. आपल्याजवळ काहीतरी कमी आहे, असे त्याला वाटू लागते. तो घरी जाऊन हट्ट धरतो, आणि आईवडील आपल्या खर्चातून काय वगळता येईल याचा हिशेब करू लागतात. यंत्र येते. पहिले आठ दिवस डोळ्यांना मेजवानी होते. नंतर डोळे सरावतात, आणि वर्ष दोन वर्षांत त्याहून हुबेहूब चित्रे दाखविणारे यंत्र दुकानात झळकू लागते. डोळ्यांची भूक अशी आहे, की ती जितकी भागवावी तितकी वाढते. जे आज खरेखुरे वाटते तेच उद्या जुनाट दिसते.

चांगला नियम मात्र असा जुना होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने १९८९ सालच्या 'टेट्रिस'च्या आवृत्तीत एक असा पराक्रम केला, की जो त्यापूर्वी कोणाही माणसाच्या हातून झाल्याची नोंद नव्हती. तो १५७ व्या पातळीपर्यंत जाऊन पोहोचला, आणि तेथे खेळाची आज्ञावलीच अडखळून पडदा जागच्या जागी गोठला. खेळणारा थकला नाही, खेळ थकला! ज्या खेळाने त्याला इतके खिळवून ठेवले तो त्याच्या जन्माच्या वीस-एकवीस वर्षे आधीचा होता. त्यातील चित्रे म्हणजे चौकोन होते. पण त्या चौकोनांनी त्या मुलाच्या हाताला, नजरेला आणि चित्ताच्या एकाग्रतेला जे आव्हान दिले, ते चौतीस वर्षांनंतरही ताजे होते.

यावरून खेळ तयार करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. आधी खेळ रचावा, तो साध्या चौकोनांत खेळून पाहावा, आणि तो तेथे रंगला तरच त्याला चित्रांचा साज चढवावा. घर बांधणारा आधी भिंती ओळंब्यात आहेत की नाहीत हे पाहतो; रंग मागाहून देतो. वाकड्या भिंतीला कितीही उंची रंग दिला तरी ती सरळ होत नाही.

मुलांनाही एक कसोटी सहज वापरता येईल. नवा खेळ समोर आला की मनातल्या मनात त्याची सारी चित्रे पुसून टाकावीत आणि त्यांच्या जागी साधे ठिपके व चौकोन आहेत अशी कल्पना करावी. त्यानंतरही तो खेळ खेळावासा वाटतो काय? त्यात विचार करावयास काही उरते काय? हरल्यावर 'आणखी एकदा' असे मन म्हणते काय? उत्तर होकारार्थी असेल तर तो खेळ खरा. मग त्याची चित्रे सुंदर असतील तर दुधात साखर, आणि नसतील तरी दूध दूधच राहते. उत्तर नकारार्थी असेल तर तेथे फक्त साखरेचे वेष्टन आहे असे समजावे.

ही कसोटी ज्याला साधली, त्याला जुन्या यंत्राची लाज वाटावयाचे कारण उरत नाही, आणि नव्या यंत्राची जाहिरात त्याला सहजासहजी भुलवू शकत नाही. त्याच्या मधल्या सुटीतील प्रश्नही बदलतो. 'त्याचे ग्राफिक्स कसे आहे?' असे तो आधी विचारीत नाही. 'त्यात करावयाचे काय असते?' असे तो विचारतो. हा प्रश्न अधिक मुलांनी विचारला, तर खेळ तयार करणाऱ्यांनाही त्याचे उत्तर द्यावे लागेल. कारण जे मागितले जाते तेच शेवटी बाजारात येते.

बुद्धिबळाच्या पटावरचा तो चिंचोका हेच सांगत असतो. त्याला मुकुट नाही, चकाकी नाही. पण समोरच्या बाजूचा राजा त्यालाही तितकाच भितो.